ॲबा: ब्रायटनच्या आधीचं सगळं निव्वळ किरकोळ माहिती आहे का?

टेपवाला:

ॲबा या स्वीडिश पॉप गटाबद्दल दुसऱ्या एका धाग्यावर परवा कुणीतरी ठोकून दिलं, "ॲबा म्हणजे ६ एप्रिल १९७४. त्याआधी ते चौघं काय करत होते ही फक्त प्रश्नमंजूषेला लागणारी माहिती." तिथे विषय भलताच चालला होता म्हणून वाद वाढवला नाही. पण हे मत सर्रास ऐकू येतं, त्यामुळे हा वेगळा धागा.

त्या रात्री इंग्लंडातल्या ब्रायटनला युरोव्हिजन या युरोपीय देशांच्या गाण्यांच्या स्पर्धेत त्यांचं 'वॉटर्लू' पहिलं आलं, मान्य. पण मंचावरच्या चौघांत नवखं कुणीच नव्हतं. चौघांचीही एकेक कारकीर्द होऊन गेलेली होती आणि त्या चारही कारकिर्दी एकमेकींपासून चांगल्या लांबच्या होत्या.

बेनी अँडरसन हेप स्टार्स या बीट बँडमध्ये ऑर्गन वाजवायला आला ऑक्टोबर १९६४ मध्ये, वय सतरा. वडील आणि आजोबा दोघेही अकॉर्डियन वाजवणारे, पोराच्या हातात सहाव्या वर्षी अकॉर्डियन आलेलं. नोटेशन वाचता येत नव्हतं, सगळं कानावर. १९६५ मध्ये टीव्हीवरच्या एका कार्यक्रमाने बँडचं नशीब पालटलं आणि 'कॅडिलॅक' पहिल्या क्रमांकावर गेलं. ते गाणं मात्र दुसऱ्याचं. पुढच्या वर्षी बेनीने स्वतः केलेलं 'सनी गर्ल' पहिलं आलं, ही गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. इंग्रजी शब्द, स्वीडिश पोरगा, वय एकोणीस.

ब्योर्न उल्वेउस किनाऱ्यावरच्या वेस्टरविक गावचा. शाळेतल्या मित्रांबरोबर आधी स्किफल (साध्या, घरगुती वाद्यांवरचं संगीत), मग लोकगीतं. १९६३ मध्ये रेडिओच्या स्पर्धेमुळे ही पोरं स्टिग अँडरसन आणि बेंग्ट बर्नहाग यांच्या नजरेत आली. दोघांनी पोलार म्युझिक नावाची कंपनी नुकतीच काढली होती. पोरांचं नाव बदलून हूटनॅनी सिंगर्स केलं. त्यांचं पहिलं गाजलेलं गाणं दान आंदरसन या कवीच्या कवितेचं होतं. कोळशाच्या भट्टीपाशी वाट बघत बसलेला माणूस त्यात बोलतो. म्हणजे एकीकडे बेनीचे आरडाओरडा करणारे चाहते आणि दुसरीकडे ब्योर्नची गिटारवरची कविता.

अग्नेथा फेल्तस्कोग यॉनशॉपिंगची, जन्म १९५०. दिवसा गाड्या विकणाऱ्या एका पेढीत टेलिफोन ऑपरेटर, रात्री डान्सबँडमध्ये गायिका. बँडने रेकॉर्ड कंपनीला टेप पाठवली, तर निर्मात्याने सांगितलं की मुलगी हवी, बँड नको. 'याग वार सो शेर' हे तिने स्वतः लिहिलेलं आणि स्वतः चाल लावलेलं गाणं. ते १९६७ च्या शेवटी निघालं आणि जानेवारी १९६८ मध्ये स्वेन्स्कटॉपेन या रेडिओवरच्या यादीत पहिलं आलं. वय तेव्हाही सतराच.

आणि फ्रिदा, म्हणजे आनी-फ्रिद लिंग्स्टाड. जन्म नॉर्वेत नार्विकजवळ, वडील जर्मन सैनिक, आई लवकर गेली, आजीने स्वीडनला आणून वाढवलं. तेराव्या वर्षी नाचाच्या बँडमध्ये गायला लागली, मग जॅझच्या मोठ्या वाद्यवृंदात, मग आनी-फ्रिद फोर हा स्वतःचा चमू. ३ सप्टेंबर १९६७ ला नव्या गायकांची स्पर्धा जिंकली आणि त्याच संध्याकाळी तिला थेट टीव्हीवर उभं केलं. तारीख लक्षात ठेवा. त्याच दिवशी स्वीडनची सगळी वाहतूक डावीकडून उजवीकडे गेली होती. लोकांना गाड्या बाहेर काढू नका असं सांगितलेलं, त्यामुळे देश टीव्हीसमोर. अशा दिवशी एकवीस वर्षांची, दोन मुलांची आई असलेली बाई येऊन शांतपणे गाते. हे काही 'त्याआधीचं किरकोळ' म्हणून झटकता येत नाही.

माझं म्हणणं इतकंच की ॲबाचा आवाज ब्रायटनला जन्मलाच नाही. बीट, कविता, डान्सबँड आणि जॅझ ही चार दुकानं आधी दहा वर्षं चालली, त्यांचाच माल एका ठिकाणी आला. बोला.

काळी_चार:

माहितीला शंभर मार्क, निष्कर्षाला शून्य.

तुमचा सिद्धांत तपासून बघायला एक तयार प्रयोग उपलब्ध आहे आणि तुम्ही तोच गाळलात. १ नोव्हेंबर १९७०, गोथेनबर्ग. हेच चौघं, 'फेस्टफोल्केट' नावाचा कॅबरे, रेस्टॉरंटमध्ये. बीट, कविता, डान्सबँड, जॅझ, सगळा माल एका मंचावर हजर! आणि आपटला. समीक्षकांनी धुतला, लोक आले नाहीत, काही महिन्यांत गाशा गुंडाळला. अनुभवाने ॲबा घडत असता तर त्या हिवाळ्यात घडायला काय हरकत होती? अनुभव तर तोच होता.

मग १९७० आणि १९७३ च्या मध्ये काय बदललं? स्टुडिओ. मिकाएल ट्रेटो हा ध्वनिमुद्रक. या माणसाने फिल स्पेक्टर या अमेरिकन निर्मात्यावरचं पुस्तक वाचलं. स्पेक्टर एका खोलीत दोन-दोन तीन-तीन पियानो, गिटारी भरायचा. स्टॉकहोममध्ये तेवढे वादक आणि तेवढा पैसा कुठून आणणार? ट्रेटोने तेच वादक दोनदा वाजवून घेतले आणि दुसऱ्या वेळी टेपचा वेग किंचित बदलला. सूर केसभर सरकतो आणि दोन थर एकमेकांवर बसले की आवाज एकदम रुंद होतो. जानेवारी १९७३ मध्ये 'रिंग रिंग' असं झालं. ॲबाचा जन्मदाखला हवा असेल तर तो हा. यात कोळशाच्या भट्टीचा काय संबंध?

मी पेटी वाजवतो, वाद्यवृंदांत बरीच वर्षं घालवली आहेत. अनुभव सगळ्यांकडे असतो हो.

टेपवाला:

काळी_चार, प्रयोगाची आठवण काढलीत ते बरं झालं, पण निकाल अर्धा वाचलात. कॅबरे पडला. कारण तो कॅबरे होता, विनोदी प्रवेश, टोप्या, दुसऱ्यांची गाणी. त्याच सुमारास ब्योर्न आणि बेनीची 'लिका' नावाची तबकडी निघाली. तिच्यात 'हे गामले मान' हे साल्व्हेशन आर्मीतल्या म्हाताऱ्यावरचं गाणं आहे आणि चौघांचे आवाज रेकॉर्डवर पहिल्यांदा एकत्र येतात ते तिथे. ते गाणं स्वेन्स्कटॉपेनमध्ये गेलं. मंचावर लोकांनी नाकारलं आणि रेडिओवर घेतलं, असा त्या प्रयोगाचा निकाल आहे.

आणि ट्रेटोने थर चढवले ते कशावर? तोच आवाज बरोब्बर तसाच दुसऱ्यांदा गायला गळ्यात काहीतरी बसलेलं लागतं. नवख्या पोरीला सांगून बघा, आत्ता गायलीस तस्संच, श्वासासकट, परत गा म्हणून.

उत्तरध्रुव:

स्टॉकहोममधून लिहितेय. दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट निसटतेय, ती म्हणजे फोल्कपार्क.

१८९० च्या दशकापासून इथल्या कामगार चळवळीने गावोगाव बागा उभारल्या. नाचाची फरशी, छोटा रंगमंच, खाण्याचे ठेले. पुढे या बागांची मध्यवर्ती संघटना झाली आणि कलाकारांचे दौरे तिच्यामार्फत ठरायला लागले. उन्हाळा म्हणजे गाडीत सामान टाकायचं आणि एका रात्रीत दोन-दोन बागा करायच्या. हेप स्टार्सनी हेच केलं, हूटनॅनीवाल्यांनी हेच केलं. ब्योर्न आणि बेनीची ओळखसुद्धा दौऱ्यातच झाली, जून १९६६ मध्ये फाल्शॉपिंगच्या बाजूला. दोन बँड एकमेकांच्या वाटेत आले, रात्रीची मैफल जमली आणि त्याच उन्हाळ्यात दोघांनी पहिलं गाणं केलं. ते हेप स्टार्सनी रेकॉर्डही केलं.

आणि डान्सबँड म्हणजे काय हे समजून घ्या. तिथे कुणी तुम्हाला ऐकायला आलेलं नसतं, लोक नाचायला आलेले असतात. चार-चार तास गायचं, यादीत या आठवड्यात जे असेल ते गायचं आणि लय जराही हलवायची नाही. हलली की जोडपी फरशीवरून उतरतात. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रात लता-आशा दोघींची गाणी एकाच गळ्याने निभावणाऱ्या गायिका असतात ना, साधारण तसलं काम. फ्रिदाने ते तेराव्या वर्षी सुरू केलं, अग्नेथाने पंधरा-सोळाव्या वर्षी. 'डान्सिंग क्वीन'मध्ये त्या दोघी ठेक्यावर जशा निवांत बसतात ते मला याच शाळेतलं वाटतं. दुसरं कारण दिसत नाही.

रच्याकने, आमच्या इमारतीत एक आजी आहेत. पंच्याहत्तरीच्या पुढच्या. त्या अजून ॲबाला "बेनीचा दुसरा बँड" म्हणतात.

चहाबिस्किट:

दुसरा बँड! आजींना दंडवत __/\__

अवांतर: माझी ॲबाशी ओळख पंचमदांनी करून दिली. 'हम किसीसे कम नहीं'मधलं 'मिल गया हमको साथी' ऐकून मोठा झालो आणि कॉलेजात 'मामा मिया' ऐकल्यावर म्हटलं, ह्यांनी आपलं ढापलं की काय!

हिशेबनीस:

+१ काळी_चार यांना, पण स्टुडिओवर सगळं ढकलण्याच्या आधी मी एक नाव पुढे करतो. त्यावर टेपवाला आणि उत्तरध्रुव काय म्हणतात ते बघायचंय.

स्वेन्ने आणि लोट्टा.

स्वेन्ने हेडलुंड म्हणजे हेप स्टार्सचा मुख्य गायक. बेनी ऑर्गनमागे बसायचा, पोरींच्या किंकाळ्या स्वेन्नेसाठी असायच्या. लोट्टा म्हणजे शार्लट वॉकर, अमेरिकेतून शेरीज या मुलींच्या गटाबरोबर आलेली, पुढे स्वेन्नेची बायको. १९६८ मध्ये तीही हेप स्टार्समध्ये दाखल झाली. नंतर नवरा-बायको दोघंच गायला लागले. कंपनी कुठली? पोलार. गाणी कुणाची? ब्योर्न आणि बेनीची. मॅनेजर? तोच स्टिग. १९७५ मध्ये युरोव्हिजनसाठीच्या स्वीडनच्या निवड स्पर्धेत ते 'बँग एन बूमरँग' घेऊन उतरले आणि तिसरे आले. तेच गाणं इंग्रजीत ॲबाने गायलंय.

म्हणजे बघा. तेच फोल्कपार्क, तोच दहा वर्षांचा घाम, तेच गीतकार, तीच कंपनी. शिवाय लोट्टा इंग्रजी आईच्या दुधाबरोबर शिकलेली, ॲबाच्या चौघांना जो फायदा कधीच नव्हता. स्वीडन आणि डेन्मार्कच्या बाहेर आज यांना कोण ओळखतं? आधीची कारकीर्द हे यशाचं कारण असेल तर ते कारण या दोघांच्या बाबतीत सुट्टीवर होतं का?

टेपवाला यांनी जिंकणाऱ्यांचा भूतकाळ तेवढा वाचलाय. त्याच वाटेने चालून कुठेच न पोहोचलेल्यांचा भूतकाळ सेम टू सेम दिसतो. बीटल्स गाजण्याआधी हॅम्बर्गच्या क्लबांत वाजवायचे, त्यातूनच ते घडले म्हणतात, त्याबद्दलही हेच. हॅम्बर्गच्या त्या क्लबांत लिव्हरपूलचे इतर बँडही रात्र-रात्र वाजवतच होते की.

बिनपट्टीची:

हिशेबनीस, मुद्दा जबरदस्त आहे, पण तो तुमच्याच अंगावर येतोय. स्वेन्ने-लोट्टा आणि ॲबा यांच्यात इतकं सगळं सारखं असेल तर वेगळं उरतं काय? पुरुष आणि बाई अशी जोडी एकीकडे आणि शेजारी शेजारी उभ्या दोन बायका दुसरीकडे. उरतं ते अग्नेथा अधिक फ्रिदा.

या दोघी कुणाच्या 'साथीच्या गायिका' नव्हत्या. दोघींनाही मधल्या माइकसमोर एकटीने उभं राहायची सवय होती. एकीचा आवाज वरचा, धारदार, रडवेला. दुसरीचा खालचा, भरलेला, जॅझमधून आलेला. एरवी अशा दोन गळ्यांना एक पुढे आणि एक मागे असं बसवतात. ब्योर्न-बेनीने कित्येक ठिकाणी दोघींना एकच ओळ एकाच सुरात गायला लावली, तीही त्यांच्या पट्टीच्या पार वरच्या टोकाला. दोघीही मागे हटणाऱ्या नाहीत, त्यामुळे तिसराच आवाज तयार होतो. ट्रेटोचे थर त्यानंतर.

आता मला जे खरं खुपतं ते. टेपवाल्यांच्या लेखात चार दुकानांचा माल एका ठिकाणी आला असं आहे. आला का खरंच? अग्नेथा ॲबात आली ती गीतकार-संगीतकार म्हणून सिद्ध झालेली बाई होती. सतराव्या वर्षी स्वतःच्या गाण्यावर पहिला क्रमांक! ते जमायला बेनीला एकोणीस उजाडलं. आणि ॲबाच्या सगळ्या स्टुडिओ अल्बममध्ये तिची चाल असलेली गाणी किती? एक. 'डिसइल्युजन', पहिल्याच अल्बमवर, १९७३. शब्द त्यातही ब्योर्नचे. बास. १९७९ च्या दौऱ्यात ती स्वतःचं एक गाणं पियानोवर बसून गायची, ते अल्बमवर आलं नाही.

दरम्यान तिचा जुना करार दुसऱ्या कंपनीशी होता, त्या कंपनीला एक तबकडी देणं होतं. १९७५ मध्ये ती दिली. 'एल्वा क्विन्नोर ई एट हूस', एका घरातल्या अकरा बायका. 'एसओएस'ची स्वीडिश आवृत्ती सोडली तर चाली सगळ्या तिच्या. म्हणजे चाली आटल्या नव्हत्या.

आधीची कारकीर्द किरकोळ माहिती नाहीच. ॲबा होताना काय बाजूला पडलं ते तिच्यामुळेच कळतं.

काळी_चार:

बिनपट्टीची, अहो पण हे बाजूला पडणं कुणी पाडलं असं सुचवताय का? फेब्रुवारी १९७३ मध्ये तिला मुलगी झाली. ब्योर्न आणि बेनी कंपनीचे पगारी निर्माते होते, रोज सकाळी पियानोशी बसून चाली पाडणं ही त्यांची नोकरी होती. ती त्या वेळी घर, मूल, रेकॉर्डिंग, परदेशी टीव्हीचे दौरे यांत. आणि खरं सांगू? 'डिसइल्युजन' बरं गाणं आहे, त्याच अल्बमवरच्या 'रिंग रिंग'समोर मात्र ते १९६८ मधलं वाटतं. निवड चालीवर झाली असेल हेही धरून चाला की.

बिनपट्टीची:

ते १९६८ मधलं वाटतं, बरोबर. आणि त्याच अल्बमवरची ब्योर्न-बेनीची निम्मी गाणीसुद्धा १९६८ मधलीच वाटतात. 'नीना, प्रिटी बॅलेरिना' एकदा ऐका आणि मग बोला. फरक असा की त्यांना पुढे १९८१ पर्यंत सात अल्बम मिळाले सुधारायला.

"रोज सकाळी बसणं ही त्यांची नोकरी होती" हे तुम्ही उत्तर म्हणून दिलंत. मी तो प्रश्न म्हणून विचारते. १९७१ मध्ये ती नोकरी दोघांना मिळाली. पहिल्या क्रमांकाचं गाणं नावावर असलेली, चाली लावणारी तिसरी व्यक्ती त्यांच्याच गोतावळ्यात होती. तिला खुर्ची द्यावी असं कुणाच्या मनात आलं होतं का?

हिशेबनीस:

त्या नोकरीची गोष्ट पूर्ण सांगतो, कारण इथे सगळे 'कला कला' करताहेत आणि पैशाबद्दल चकार शब्द नाही. १९७१ च्या जुलैमध्ये ब्योर्न-अग्नेथाचं लग्न झालं, चर्चमध्ये ऑर्गन बेनीने वाजवला. त्याच दिवसांत स्टिगचा भागीदार बर्नहाग गेला. स्टिगने ब्योर्नला त्याच्या जागी निर्माता म्हणून बोलावलं. ब्योर्न म्हणाला, बेनीलाही घ्या. स्टिगकडे दोन पगार नव्हते, मग दोघांनी एकच पगार वाटून घेतला.

यात आधीची कारकीर्द कुठे दिसते माहितीये? बेनीच्या खिशात. हेप स्टार्सची स्वतःची कंपनी होती, हेप हाउस. ती बुडाली, वर कराची थकबाकी. एवढा गाजलेला बँड आणि बेनी कितीतरी वर्षं सरकारचं देणं फेडत होता. अर्धा पगार घेऊन तो स्टिगच्या ऑफिसात बसला त्यामागे हेही असणार. ॲबाच्या जन्माआधीची ही दहा वर्षं टेपवाल्यांना शिदोरी वाटते, मला त्यात कर्जसुद्धा दिसतं.

आणि मूळ प्रश्नावर माझं मत तेच. स्पाइस गर्ल्स हा ब्रिटिश मुलींचा गट घ्या. १९९४ मध्ये पेपरात जाहिरात देऊन मुली गोळा केल्या. जेरी हॅलिवेल त्याआधी तुर्की टीव्हीवरच्या बक्षिसांच्या कार्यक्रमात सहायिका होती. यातून 'वॉनाबी'सारखं गाजलेलं गाणं कसं निघालं ते सांगा कुणीतरी.

उत्तरध्रुव:

जेरीचं सोडा, बाकीच्यांचं बघा. व्हिक्टोरिया एप्समच्या नृत्य-नाट्य महाविद्यालयातली, मेल सी तसल्याच दुसऱ्या संस्थेतली, एमा लहानपणापासून नाट्यशाळेत. शिवाय मेडनहेडच्या एका घरात सगळ्यांना एकत्र ठेवून तालीम. जाहिरातीतून आल्या म्हणून पाटी कोरी होती असं नाही. त्यांच्याकडे कारकिर्दीऐवजी शाळा होती, इतकंच. पण तुमचा मुद्दा तसा नाहीच, तुम्हाला 'कारण' हवंय. यशाचं एक कारण सापडलं तर सगळ्या रेकॉर्ड कंपन्या आत्तापर्यंत श्रीमंत झाल्या असत्या.

मी उलट बाजूचं बोलते, जे अजून कुणी मांडलं नाही. या चौघांचा भूतकाळ स्वीडनमध्ये त्यांच्या गळ्यातलं लोढणं होता. सत्तरच्या दशकात इथे डाव्या विचारांची संगीत चळवळ जोरात होती. त्यांच्या दृष्टीने ॲबा म्हणजे स्वेन्स्कटॉपेनवाले, श्लागरवाले (हलकीफुलकी, गुणगुणण्याजोगी गाणी करणारे), चकचकीत कपड्यांतला बाजार. १९७५ मध्ये युरोव्हिजन स्टॉकहोमला आलं तेव्हा त्याच्या विरोधात इथे पर्यायी महोत्सव भरवला गेला. लंडनच्या पोराला ॲबा नवे वाटले, इथल्या पोराला मात्र ते आई-बाबांच्या रेडिओवरचे जुनेच लोक होते. भूतकाळ माहीत नसणं हा त्यांना परदेशात मिळालेला फायदा होता.

आणि हूटनॅनी सिंगर्सची गंमत सांगायचीच राहिली. ॲबा जमत असताना, १९७२-७३ मध्ये, त्यांचं एक गाणं, पुन्हा दान आंदरसनचीच कविता, सलग ५२ आठवडे स्वेन्स्कटॉपेनमध्ये ठाण मांडून होतं. म्हणजे ब्योर्न 'रिंग रिंग'चे थर चढवत होता तेव्हा त्याच्याच देशात त्याचं जुनं दुकान नव्या दुकानापेक्षा जास्त चालत होतं!

चहाबिस्किट:

५२ आठवडे??? आमच्याकडे गणपतीत एक गाणं दहा दिवस वाजलं तरी लोक पोलिसांना फोन करतात.

टेपवाला:

उत्तरध्रुव, लोढणं हा शब्द पटला नाही, पण १९७४ चा उन्हाळा तुमच्या बाजूने जातो हे खरं. ब्रायटन जिंकल्यावर त्यांनी त्या उन्हाळ्यातला फोल्कपार्क दौरा रद्द केला आणि घरच्या लोकांनी त्याबद्दल बरंच सुनावलं. १९७५ मध्ये परत बागांमध्ये गेले.

हिशेबनीस यांच्या स्वेन्ने-लोट्टाला मात्र उत्तर देणं भाग आहे. आधीची कारकीर्द असली की यश मिळतंच, असं मी कुठे म्हटलंय? ॲबाचा *आवाज* तिथून आला, असं माझं म्हणणं आहे. यश आणि आवाज या दोन गोष्टी तुम्ही एकाच खात्यात मांडताय. स्वेन्ने-लोट्टांचा आवाजही त्यांच्या आधीच्या कारकिर्दीतूनच आला, म्हणून तर तो ॲबासारखा नाही! लोट्टा मुलींच्या अमेरिकन गटातून आली, स्वेन्ने बीटमधून. त्यांच्या रेकॉर्डवर तेच ऐकू येतं. तोच बेनी, तोच ब्योर्न, जवळजवळ तेच गाणं, तरी 'बँग एन बूमरँग' आणि 'बँग-अ-बूमरँग' पाठोपाठ लावून ऐका. गाणाऱ्यांचा भूतकाळ बदलला की गाणं बदलतं. माझ्या बाजूचा याहून चांगला पुरावा मलाही सापडला नसता, तुम्हीच आणून दिलात.

काळी_चार:

पाठोपाठ लावून ऐकली. फरक आहे. पण मला जो ऐकू आला तो गळ्यांचा, 'भूतकाळा'चा नाही. अग्नेथा टेलिफोन ऑपरेटरच राहिली असती, डान्सबँडमध्ये कधी गेलीच नसती आणि १९७२ मध्ये बेनीने तिला रस्त्यावरून उचलून स्टुडिओत नेलं असतं, तरी तो रडवेला वरचा सूर तिच्याकडे असताच. तो तिच्या आईवडिलांकडून आला, फोल्कपार्ककडून नाही. रियाजाने गळा टिकतो, जात बदलत नाही. कुठल्याही गायकाला विचारा.

बिनपट्टीची:

विचारलं. मीच गायिका आहे. जात बदलत नाही, पण त्या जातीचं काय करायचं हे कळायला उभं राहून गावं लागतं, लोकांसमोर, आणि पडावंही लागतं. फ्रिदाचंच घ्या. १९६७ मध्ये एवढा गाजावाजा होऊन ईएमआय या रेकॉर्ड कंपनीने करार केला, पहिल्या रेकॉर्ड चालल्या नाहीत. १९६९ च्या निवड स्पर्धेत चौथी. (त्याच स्पर्धेत बेनीचं गाणं दुसरं. दोघांची ओळख त्या दिवसांतली.) तिचं पहिल्या क्रमांकाचं गाणं १९७१ मधलं 'मिन एगेन स्टाड'. चाल बेनीची, मागे कोरसमध्ये बाकीचे तिघं. १९६७ ची फ्रिदा ऐका, सुरेल आहे, नीटनेटकी आहे, जॅझच्या बाईसारखी जरा अंतर राखून गाते. १९७१ मध्ये ती अंतर सोडते. गळा तोच आहे, काळी_चार. मधल्या चार वर्षांत काय झालं त्याला तुम्ही काय म्हणाल ते म्हणा.

काळी_चार:

बेनी भेटला असं म्हणेन. 😄

टेपवाला:

आता कळस. 'फर्नांडो' हे ॲबाचं गाणं आहे ना? नाही. ते आधी फ्रिदाच्या एकटीच्या स्वीडिश अल्बमसाठी झालं, १९७५, शब्द स्टिगचे आणि विषयही वेगळा, प्रेमभंगातल्या मित्राचं सांत्वन. म्हणजे तिची ती जुनी कारकीर्द, घरच्या बाजारासाठी स्वीडिशमध्ये गाणारी एकटी गायिका ही, चालू होती म्हणून ते गाणं जन्माला आलं. १९७६ मध्ये ब्योर्नने इंग्रजी शब्द लिहून ते ॲबाच्या नावावर काढलं आणि जगभर पहिलं आलं. यापुढे कुणी किरकोळ माहिती म्हणू नये.

हिशेबनीस:

धाग्याचं नाव "ब्रायटनच्या आधीचं". 'फर्नांडो' १९७५ मधलं. बाद.

टेपवाला:

अहो, तिची एकल कारकीर्द १९६७ पासूनची आहे!

हिशेबनीस:

ईएमआयवरची. हा अल्बम पोलारचा, निर्माता बेनी, शब्द स्टिगचे. ब्रायटननंतरचा ॲबाचाच कारखाना, पाटी तेवढी फ्रिदाची. बिनपट्टीची यांनी सांगितलेला अग्नेथाचा अल्बम आणलात तर विचार करू, तो निदान जुन्या करारातला आहे.

बिनपट्टीची:

आणा की मग. त्यातल्या एकाही चालीला ॲबात जागा का मिळाली नाही, यावर या धाग्यात अजून कुणीच उत्तर दिलेलं नाही.